पक्षाघातानंतर तोल सुधारण्यासाठी मेंदूला चुंबकीय उत्तेजन द्यावे का?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या वडिलांना, वय ६४, गेल्या दिवाळीच्या सुमारास मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला आणि डावा हात-पाय लुळा पडला. त्याला आता आठ महिने होऊन गेले. बोलणे शाबूत आहे, जेवणखाण स्वतःचे स्वतः करतात आणि चार पायांची काठी घेऊन घरात हिंडतात. अडचण राहिली आहे ती तोलाची. सरळ चालताना फारसे काही जाणवत नाही. मात्र वळताना, उंबरठा ओलांडताना आणि न्हाणीघरात तांब्या घेण्यासाठी वाकताना ते डावीकडे कलतात, आणि त्यातून पडणेही झाले आहे. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी तोल मोजण्याच्या बर्ग बॅलन्स स्केलवर त्यांना ५६ पैकी ३८ गुण दिले आहेत.

पुण्यातील एका खासगी केंद्राने आर-टीएमएस, म्हणजे डोक्याजवळ कॉइल धरून मेंदूला चुंबकीय स्पंद देण्याचा उपचार सुचवला आहे. वीस सिटिंगचे पॅकेज आहे, पैसे आधी भरायचे आहेत आणि रक्कम आमच्या ऐपतीच्या मानाने मोठी आहे. चिरफाड नाही, सुई नाही, त्यामुळे दुष्परिणामही नाहीत, असे तिथे सांगण्यात आले. हातात दिलेल्या माहितीपत्रकात मात्र बहुतेक मजकूर नैराश्यावरच्या उपचाराचा आहे. या उत्तेजनाने तोल खरोखर सुधारतो का, आठ महिन्यांनंतर त्याचा उपयोग उरतो का, आणि पैसे भरण्याआधी केंद्राला नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन. ओले स्पंज लावून सौम्य वीज देणारी यंत्रे ऑनलाइनही मिळतात असे दिसते. तो मार्ग धरावा का, हेही कळावे.

फिजिओ_परळ

तुम्ही नेमके वर्णन दिले आहे, त्यामुळे मोघम बोलण्याची गरज उरत नाही. मी पक्षाघाताच्या रुग्णांचेच पुनर्वसन करते. माझे मत आधीच सांगते: हे उत्तेजन व्यायामाच्या जोडीला द्यायचे असते, व्यायामाच्या जागी नव्हे, त्यामुळे ज्या पॅकेजमध्ये उत्तेजनानंतर लगेच तोलाचा सराव करून घेतला जात नाही, ते मी माझ्या घरच्यांसाठी घेणार नाही.

हाताच्या बाबतीत कॉइल कुठे धरायची हे बऱ्यापैकी ठरलेले आहे, कारण हाताची हालचाल सांभाळणारा भाग कवटीलगत, वरच्या पृष्ठभागावर आहे. पायाचा भाग मात्र मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत, आतल्या भिंतीवर असतो. नेहमीच्या इंग्रजी आठच्या आकाराच्या कॉइलचा प्रभाव तिथपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यासाठी मध्ये वाकवलेली, डबल कोन म्हणून ओळखली जाणारी कॉइल लागते. त्यातही दोन्ही पायांचे भाग फटीच्या दोन्ही भिंतींवर समोरासमोर असल्याने एकाच बाजूला उत्तेजन देणे अवघड जाते. शिवाय तोल म्हणजे केवळ पायाची ताकद नव्हे. तळपायाची जाणीव, डोळे, आतला कान आणि लहान मेंदू या सर्वांकडून आलेली माहिती क्षणाक्षणाला जुळवावी लागते, तेव्हा माणूस उभा राहतो. म्हणून तोलासाठी काम करणाऱ्या काही संशोधकांनी पायाचा भाग बाजूला ठेवून लहान मेंदू निवडला.

रोमच्या सांता लुचिया फाउंडेशनमधील गटाने २०१९ मध्ये अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. पक्षाघाताला बराच काळ उलटलेल्या ३४ रुग्णांनी ती पूर्ण केली. तीन आठवडे एका गटाला लहान मेंदूवर थीटा बर्स्ट पद्धतीने, म्हणजे स्पंदांचे झुबके ठरावीक लयीत देऊन, उत्तेजन दिले गेले आणि दुसऱ्या गटाला तसेच भासणारे लटके उत्तेजन. फिजिओथेरपी दोन्ही गटांना होती. खऱ्या उत्तेजनाच्या गटाची बर्गवरची सरासरी ३४.५ वरून ४३.४ वर गेली आणि चालताना दोन पावलांमधली रुंदी कमी झाली, म्हणजे पाय फाकवून चालण्याची गरज घटली. मात्र हातापायांची एकूण हालचाल आणि रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजणाऱ्या मापांवर दोन गटांत फरक दिसला नाही. मला हा निकाल आशादायक वाटतो, पण ३४ माणसांच्या चाचणीवर घर गहाण टाकू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते.

तेव्हा केंद्राला विचारा: कॉइल डोक्याच्या कोणत्या भागावर धरणार आणि का? लहान मेंदू आणि मोठा मेंदू यांचे धागे एकमेकांना ओलांडून जातात, म्हणून वडिलांच्या बाबतीत रोमच्या पद्धतीने उत्तेजन द्यायचे तर ते डोक्याच्या मागे, डाव्या बाजूला, म्हणजे दुबळ्या हातापायांच्याच बाजूला येईल. हे त्यांनी विनासायास सांगितले, तर समोरचा माणूस विषय जाणतो असे समजा. ‘मोटर एरियावर देऊ’ एवढेच उत्तर मिळाले तर तो हातासाठीचा किंवा नैराश्यासाठीचा ठरलेला कार्यक्रम असण्याची शक्यता मोठी आहे.

आठ महिन्यांचे म्हणाल, तर आपोआप होणारी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते हे खरे. पण सरावाने होणारी सुधारणा त्यानंतरही होते आणि तोलाच्या बाबतीत तर ती मी नेहमी पाहते.

न्यूरो_मिरज

वरच्या ताईंच्या म्हणण्याशी सहमत आहे. वैद्यकीय बाजू थोडी जोडतो.

माहितीपत्रकात नैराश्य का, याचे उत्तर सरळ आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २००८ मध्ये या उपचाराला नैराश्यासाठी मान्यता दिली आणि आपल्याकडेही बहुतेक यंत्रे मानसोपचाराच्या दवाखान्यांत आली ती त्यासाठीच. पक्षाघातानंतरच्या तोलासाठी तशी मान्यता नाही. युरोपातील तज्ज्ञगटाने २०२० मध्ये पुराव्यांची छाननी केली, तेव्हा पक्षाघातानंतर हाताच्या हालचालीसाठी एका विशिष्ट पद्धतीला सर्वोच्च दर्जा दिला. तोल त्या दर्जापर्यंत पोहोचलेला नाही. हाताचीही कथा सरळ नाही. १९९ रुग्णांवरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, खऱ्या उत्तेजनाच्या गटात ६७ टक्के आणि लटक्या उत्तेजनाच्या गटात ६५ टक्के रुग्णांचा हात ठरवलेल्या मापाइतका सुधारला. दोन्ही गटांना हाताचा कसून सराव दिला होता. सुधारणा कशामुळे झाली, हे त्या दोन आकड्यांवरून तुमचे तुम्हीच ठरवा.

‘दुष्परिणाम नाहीत’ हे विधान मला पटत नाही. डोकेदुखी आणि कॉइलखालच्या स्नायूंचे आखडणे सर्रास होते, यंत्राचा टकटक आवाज मोठा असल्याने कानात बोळे घालावे लागतात, आणि फार विरळ असली तरी फिट येण्याची शक्यता असते. मेंदूत धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट असेल तर हा उपचार बाद होतो. पेसमेकर असेल तरी सहसा टाळतात. वडिलांना यांपैकी काही आहे का, आणि पक्षाघातानंतर एखादी फिट आली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. केंद्राने ते विचारले का?

यंत्राकडे जाण्याआधी तोल का जातो तेही तपासून घ्यावे. उजव्या मेंदूच्या पक्षाघातात डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होऊ शकते. ताटातील डावीकडची भाजी तशीच राहते का, दाराच्या चौकटीला डावा खांदा घासतो का, हे घरच्यांनी पाहावे. काहींची ‘सरळ उभे’ म्हणजे काय याची जाणीवच कललेली असते. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठल्यावर दाब उतरतो का, हे आडवे असताना आणि उभे राहिल्यावर मोजून कळते. स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर त्याने सुस्ती येऊन तोल जाऊ शकतो. मात्र ती गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, त्यानेही फिट येऊ शकते.

ऑनलाइन यंत्राबद्दल: त्या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात. तिच्यात साधारणतः १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह वीसेक मिनिटे दिला जातो. चाचण्यांमध्ये ती सुरक्षित ठरली आहे, पण तिथे इलेक्ट्रोडची जागा मोजून ठरवलेली असते आणि कातडीवर लक्ष असते. घरी स्पंज सुकला की प्रवाह एका ठिकाणी एकवटतो आणि चटका बसून फोड येतात. ज्या रुग्णाला त्या बाजूची जाणीवच कमी आहे त्याला ते कळतही नाही. घेऊ नका.

नाशिकची_सून

माझ्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या चाचणीत स्पंजाचे उत्तेजन मिळाले होते, म्हणून लिहिते. कपाळाभोवती रबरी पट्टा, मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, सुरुवातीला मुंग्या येऊन खाज, आणि मग काहीच नाही. काहीच नाही म्हटल्यावर सासरे रोज विचारायचे की यंत्र चालू आहे ना. आम्हाला खरे मिळाले की लटके, हे ना आम्हाला ठाऊक होते, ना व्यायाम घेणाऱ्या मुलीला. आम्हाला पैसे द्यावे लागले नाहीत, उलट येण्याजाण्याचा खर्च मिळाला.

तोल सुधारला, हे नक्की. पण त्या काळात रोज तासभर समोर माणूस उभा राहून त्यांच्याकडून उठ-बस करून घेत होता, पायरीवर एक पाय ठेवून उभे करत होता, चालता चालता मागे वळून पाहायला लावत होता. घरी आम्ही इतके कधीच करून घेतले नव्हते, खरे तर पडतील या भीतीने करूच दिले नव्हते. त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचे ते मी सांगू शकत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. केंद्राला आज फोन केला. कॉइल कुठे धरणार यावर ‘मोटर एरिया’ असेच उत्तर आले आणि फिजिओथेरपी तुमची तुम्ही चालू ठेवा, असे सांगितले. क्लिप, पेसमेकर वगैरे वडिलांना काही नाही. परंतु पक्षाघातानंतर तीनेक महिन्यांनी त्यांना एकदा फिट आली होती आणि तेव्हापासून लेव्हेटिरासेटम ही फिटची गोळी चालू आहे. हे केंद्रात कुणी विचारले नव्हते आणि आमच्याही ते सांगण्याचे मनात आले नाही. आणखी एक: साताऱ्याहून जायचे असल्याने सकाळची वेळ मिळाली, तर पहाटे चारला उठून निघावे लागेल. एवढी दगदग त्यांना झेपेल का?

न्यूरो_मिरज

फिटची माहिती महत्त्वाची आहे. एकदा फिट आली म्हणून उपचार कायमचा बाद होतो असे नाही, पण मग तो निर्णय केंद्राचा राहत नाही. वडिलांचे जे न्यूरॉलॉजिस्ट गोळ्या देतात त्यांनी लेखी संमती दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि पहाटे उठण्याचा मुद्दा तुम्ही दगदगीच्या अंगाने मांडला आहे, पण तो त्याहून गंभीर आहे. अपुऱ्या झोपेने फिटची शक्यता वाढते, आणि चुंबकीय उत्तेजनाआधी झोप पुरी झालेली असावी ही अगदी प्राथमिक खबरदारी आहे. लेव्हेटिरासेटम घेणाऱ्या माणसाने आठवड्यातून पाच दिवस अर्धवट झोपेत प्रवास करून कॉइलखाली बसणे मला मान्य नाही. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा मनःस्थितीसाठी काही गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगावी, कारण अशा काही औषधांनीही फिटचा धोका वाढतो.

उत्तेजन घ्यायचेच असेल तर नाशिकच्या ताईंच्या सासऱ्यांप्रमाणे चाचणीत घेणे बरे. भारतातील चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कुणालाही संकेतस्थळावर पाहता येते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घेता येत नाही. ‘हे संशोधन आहे’ असे सांगून कुणी पॅकेजचे पैसे मागत असेल, तर तिथून उठून यावे. अर्थात फिटचा इतिहास असलेल्यांना बऱ्याच चाचण्यांत घेत नाहीत, याची मनाची तयारी ठेवा.

फिजिओ_परळ

फिट आणि प्रवास पाहता, मी तुमच्या जागी असते तर पॅकेजचे पैसे तूर्त बाजूला ठेवून त्यातला काही भाग सरावाची वेळ वाढवण्यावर खर्च केला असता. मुंबईत नातेवाईक असतील तर हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था किंवा केईएमचा विभाग इथे एकदा पूर्ण तपासणी करून घेता येईल.

घरी येणाऱ्या ताईंशी बोलून सराव नेमक्या अडचणींवर आणा. वळताना तोल जातो ना, मग वळण्याचाच सराव हवा: आधी उजवीकडे, मग डावीकडे, पाय ओलांडून न टाकता लहान लहान पावलांनी. उंबरठ्यासाठी जमिनीवर दोन इंच उंचीची फळी ठेवून डावा पाय पलीकडे टाकायचा आणि त्याच पायावर भार घेऊन क्षणभर थांबायचे. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरणारा माणूस डाव्या बाजूला, किंचित मागे उभा असावा. हाताला धरून ओढू नये, लुळ्या खांद्याला त्याने इजा होते. न्हाणीघरात मात्र सराव नको; तिथे भिंतीला पक्की दांडी, बसायला खुर्ची आणि तांब्या कमरेच्या उंचीवर, एवढे आजच करा.

सहा आठवड्यांनी बर्ग पुन्हा मोजून घ्या. चार-पाच गुणांचा फरक मोजण्यातल्या कमी-जास्तीमुळेही दिसतो, म्हणून मोजणारी व्यक्ती तीच असावी, वेळही दिवसाची तीच असावी, आणि पायाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, लावत असतील तर पहिल्या वेळी जसे मोजले तसेच, लावून किंवा काढून, मोजावे. ३८ हा आकडा स्प्लिंट लावून आला होता का, हे आधी ताईंना विचारून इथे कळवा; त्यावर वळण्याचा सराव अनवाणी घ्यायचा की स्प्लिंटसह, ते सांगता येईल.