मुंबईमार्गे जवळ पडतं, हा नकाशाचा भास

'अमेरिका पश्चिमेला, म्हणून नागपूरहून न्यूयॉर्क मुंबईमार्गे जवळ' हे म्हणणं पटत नाही. सपाट नकाशा बाजूला ठेवा आणि पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. नागपूरहून तो दोरा निघतो उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलून, म्हणजे जवळजवळ दिल्लीच्याच दिशेने. सरळ अंतर साधारण 12,600 किमी. दिल्लीमार्गे (850 अधिक 11,760) तेवढंच भरतं, वळसा नगण्य. मुंबईमार्गे 13,200 च्या पुढे आणि दोहामार्गे 13,600 च्या आसपास. अर्थात हे कागदावरचं अंतर झालं. बंद हवाई हद्दी टाळायच्या तर विमान लांबून जातं.

वेळेसाठी 'किमी भागिले 900' (विमानाचा ताशी वेग) करू नका. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना येण्यापेक्षा तास-दीड तास सहज जास्त लागतो. शिवाय तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या मागे साडेनऊ तास, पण नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. वजाबाकी चुकते ती इथेच.

आणि अंतर वाचलं म्हणून वेळ वाचेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं पहाटेचं धुकं सगळं गणित बिघडवतं. त्या दिवसांत नागपूरहून सकाळचं विमान धरून लगेच पुढचं गाठायचा हट्ट नको, आदल्या दुपारचंच घ्या. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असलेले बरे. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढच्याचे पैसे बुडालेच समजा.