सोमल की आर्सेनिक? हवेतल्या मोजणीबद्दल लिहिताना कुठला शब्द?

समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या हवेतलं आर्सेनिक कसं मोजतात यावर एक लेख मराठीत लिहितेय. मी सगळीकडे 'सोमल' लिहिलं, कारण आजीच्या तोंडी तोच शब्द होता, उंदरांसाठी सोमल आणायचे म्हणायची. पण एका मैत्रिणीने वाचून सांगितलं की हे चूक आहे. आणि हवेतलं 'प्रमाण' म्हणू की 'संहती'?

---

ताई, सोमल म्हणजे मूलद्रव्य नाही, त्याचं ऑक्साइड, पांढरी पूड. आपल्याकडे या कुटुंबातले तीन शब्द चांगले रुळलेले आहेत: पांढरा सोमल, पिवळा हरताळ, तांबडी मनशीळ. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची गंधकाबरोबरची संयुगं. 'नियमांना हरताळ फासला' म्हणतो ना, तो हाच हरताळ, पोथीत चुकीचं अक्षर पडलं की त्यावर पिवळा हरताळ फासून ते झाकायचे. दुकानं बंद ठेवतात तो हरताळ वेगळा, तो गुजरातीतल्या हडताळवरून आलाय. तेव्हा शब्द आहेत भरपूर, पण ते सगळे खनिजांचे नाहीतर संयुगांचे, 33 अणुक्रमांकाच्या मूलद्रव्याला आर्सेनिकच म्हणावं लागतं.

---

मी लॅबमध्ये हीच मोजणी करतो म्हणून थोडं लांबण लावतो. वरचं पटलं, पण सोमल पूर्ण काढून टाकू नका. तांब्याचं खनिज भट्टीत भाजतात किंवा कोळसा जळतो तेव्हा आर्सेनिकची वाफ होते, तिचं हवेत ऑक्साइड होतं आणि थंड झालं की ते बारीक कणांवर बसतं, म्हणजे भट्टीच्या धुराड्यातून बाहेर पडतो तो खरोखर बहुतांशी सोमलच. तिथे बिनधास्त सोमल लिहा. पण फिल्टरवर आम्ही हवा ओढतो, मग तो फिल्टर आम्लात विरघळवतो, त्यात कुठलं संयुग होतं ते सगळं पुसलं जातं आणि हातात येतो फक्त एकूण आर्सेनिकचा आकडा. म्हणून आकडा जिथे आहे तिथे आर्सेनिक.

दुसरं म्हणजे समुद्रावरच्या कणांना 'धूलिकण' म्हणू नका, 'तरंगते कण' म्हणा. शहरातला फिल्टर एका दिवसात काळपट होतो, भर समुद्रातला काही दिवस चालवूनही पांढराच दिसतो, त्यावर असतं ते मुख्यतः मीठ. आणि हे मीठच त्रास देतं! मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वस्तुमानावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रात, प्लाझ्मा (अतिशय तापलेला, विद्युतभारित वायू) आर्गॉनचा असतो, त्यातला आर्गॉन 40 आणि मिठातला क्लोरीन 35 जुळले की होतात 75, आणि आर्सेनिकचं वस्तुमानही 75, शिवाय त्याचा स्थिर समस्थानिक तो एकच, दुसऱ्या वस्तुमानावर जाऊन मोजायची सोयच नाही. मग वाटेत हीलियम सोडतात, आर्गॉन-क्लोरीनची ती थोराड जोडी जास्त धडका खाऊन मागे पडते. हे केलं नाही तर समुद्राचं मीठच आर्सेनिक म्हणून मोजलं जाईल. जहाजावर तर वारा पुढून येत असेल तेव्हाच पंप चालू ठेवायचा, नाहीतर आपल्याच चिमणीचा धूर फिल्टरवर.

---

आता प्रमाण-संहतीचं. शाळेच्या पुस्तकात द्रावणाची संहती असते, ते बरोबर, पण हवेसाठी सगळे 'पातळी' किंवा 'प्रमाण' म्हणतात, तेच ठेवा. फक्त एकक लिहायला विसरू नका, दर घनमीटरला नॅनोग्रॅम. आपल्याकडचं 2009 चं मानक वार्षिक सरासरी 6 नॅनोग्रॅम आहे, आणि 6 म्हणजे किती तर एक ग्रॅम आर्सेनिक साधारण साडेपाचशे मीटर लांब, रुंद आणि उंच हवेत पसरलं तर तेवढं होतं. आकडा असा दाखवला की वाचकाला नॅनोग्रॅम कळतो.

---

खूप धन्यवाद सगळ्यांना, भट्टीच्या परिच्छेदात सोमल ठेवते, बाकी सगळीकडे आर्सेनिक. आता वाक्य असं केलंय: "समुद्रातलं आर्सेनिक जमिनीपेक्षा कितीतरी कमी असतं."

---

नको हो, 'समुद्रातलं' म्हटलं की वाचक पाणी समजेल, आणि समुद्राच्या पाण्यात लीटरला दीडएक मायक्रोग्रॅम आर्सेनिक मुळातच असतं. दोन्हीकडे हवा यायला हवी: "समुद्रावरच्या हवेत जमिनीवरच्या हवेपेक्षा आर्सेनिक कितीतरी कमी असतं."