मुलगा अठराचा झाला, आता त्याची सही कोणी करायची?

खाडीपलीकडची (मालवण तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या बाबूला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. बौद्धिक अक्षमता, दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर 75 टक्के. दाखला आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे, त्याचं काही अडलेलं नाही. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आला की बाबू पडलेले नारळ गोळा करतो, दहापर्यंत मोजतो आणि परत एकपासून सुरू करतो. पाडेलीही आता दहा-दहाचे ढीग घालूनच हिशेब देतो.

अडलंय बँकेत. त्याच्या नावावर लहानपणापासून खातं आहे, पालक म्हणून ह्यांची सही. परवा गेलो तर म्हणाले, मुलगा सज्ञान झाला, आता त्याची सही हवी. बाबूने तिथेच नाव लिहून दाखवलं. तीनदा लिहिलं, तीन तऱ्हेचं. मग म्हणे, कोर्टातून पालकत्व आणा. आईबाप जिवंत असताना पालकत्व कोर्टातून आणायचं?

हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त. मी एकोणसाठची, हे त्रेसष्टचे. कलमांची बाग आहे, पण सातबाऱ्यावर सहा नावं, त्यातली चार मुंबईत. लेक पुण्याला. ती म्हणते, मी आहे ना. सासूबाई जाईपर्यंत एकच विचारत होत्या, "तुमच्या माघारी हेका कोण बघतलो?"

सल्ला देणारे गावात पुष्कळ आहेत. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगा.

भाट्याचा दादा

काकी, कोर्टात जायची गरज नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अठरा झाल्यावर आई-वडील किंवा नातेवाईक 'नमुना अ' भरून तिथे पालकत्व मागू शकतात. हे प्रमाणपत्र बँकेत चालतं, रिझर्व्ह बँकेचं तसं परिपत्रक आहे. त्याची प्रत सोबत न्या. समोरच्याला माहीत असेलच असं धरू नका.

माझी बहीण सत्तावीसची. सेरेब्रल पाल्सी, जोडीला बौद्धिक अक्षमता. आई गेल्यावर मीच अर्ज केला. दाखल्यावर तिचं नाव एक आणि आधारवर दुसरं, हे मीच आधी बघितलं नव्हतं, त्यापायी दोन महिने फुकट गेले. तुम्ही आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. समितीत तिला विचारलं, दादाकडे राहणार ना? ती म्हणाली, "दादा घोरतो." सगळे हसले, मग म्हणाली, "राहणार."

पालक झालात की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी, आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, हिशेब. मी शंभर पानी वही केली आहे. औषधाची चिठ्ठी त्यातच टाचतो. आणि ही फाइल लेकीला आत्ताच दाखवून ठेवा, उद्या अर्ज तिलाच करायचा आहे.

निरामय आरोग्य विमा काढलात का? याच चार प्रकारांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

माजी कारकून, चिपळूण

मास्तरांच्या पेन्शनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मास्तरांनंतर कुटुंबनिवृत्तिवेतन तुम्हाला, आणि तुमच्या पश्चात बाबूला. कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते वय उलटलं म्हणून बंद होत नाही, हयातभर मिळतं. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या पातळीवरचा दाखला लागतो. दोघंही हयात असतानाच त्याचं नाव लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, तोंडी "झालं" नव्हे. मी चौतीस वर्षं त्या टेबलामागे बसलोय. मागाहून येणारे भाऊ-बहीण जुने कागद शोधत कसे फिरतात ते पाहिलंय.

मास्तर आयकर भरत असतील आणि जुनी करप्रणाली घेत असतील तर दिव्यांग अवलंबितासाठी 75 हजारांची वजावट आहे. 80 टक्क्यांपासून पुढे सव्वा लाख. नव्या प्रणालीत नाही.

कलमवाला

बागेचं तेवढं सांभाळा. आमच्याकडे असाच एक काका होता, त्याचा अंगठा घेऊन चुलत्यांनी कागद केला. पुढे सगळं निस्तरायला आमचं अर्धं आयुष्य गेलं. मास्तरांचा हिस्सा मृत्युपत्राने थेट बाबूच्या नावावर टाकू नका, व्यवहार तो कसा करणार? त्याच्यासाठी खाजगी विश्वस्त निधी (ट्रस्ट) करता येतो, चांगला वकील गाठा.

देवबागकार

लेक आसा मां? मग कित्याक चिंता करतास. देवाक काळजी!

खाडीपलीकडची

देवबागकारांनो, देवाची सही बँकेत चालत असती तर इथे विचारलं नसतं.

दादा, आभार. मघाशीच कागद शेजारी ठेवून बघितले. आधारवर वडिलांचं नाव आहे, दाखल्यावर नाहीच. म्हणजे तिथूनच सुरुवात. लेकीशी रात्री बोलले. ती म्हणाली, आई, मला विचारायला एवढी वर्षं कशाला लावलीस? मला पुढे बोलवेना.

एक अजून. अर्जाला बाबूचा फोटो लागेल ना? तो कॅमेरा बघितला की डोळे गच्च मिटतो. आधार काढताना अर्धा दिवस गेला होता. तुमच्या बहिणीचा कसा काढलात?