टूलच्या वर्णनाला एक ओळ पुरे? काहीही!

अर्धविराम:
काल इथे एकाने ठोकून दिलंय की एआय मॉडेल आता इतकी हुशार झालीत की टूलचं, म्हणजे मॉडेलला बोलावता येणाऱ्या आपल्या फंक्शनचं, नाव नीट ठेवलं की झालं, वर्णनाला एक ओळ पुरे, बाकी टोकनची (मॉडेल वाचतं त्या मजकुराच्या तुकड्यांची) उधळपट्टी. वर त्याला वाहवा पण मिळाली. म्हणून लिहितोय, लांबेल.

अहो, मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि जेसन स्कीमा, म्हणजे कुठले पॅरामीटर, कुठल्या प्रकारचे याची यादी. आमच्याकडे दोन टूल्स होती, सर्च_ऑर्डर्स आणि गेट_ऑर्डर. वर्णनं काय, तर 'ऑर्डर शोधतं' आणि 'ऑर्डर आणतं'. आता ग्राहकाने फोन नंबर दिला तर कुठलं वापरायचं? एजंट (टूल्स वापरून कामं करणारं मॉडेल) बिनदिक्कत तो नंबर गेट_ऑर्डरच्या आयडीत कोंबायचा, उत्तर रिकामं यायचं आणि हा पठ्ठ्या ग्राहकाला सांगून मोकळा की तुमची ऑर्डरच नाही! मग वर्णनात लिहिलं, 'ऑर्डर आयडी हातात असेल तरच वापर, आयडी ओआरडी ने सुरू होतो, फोन किंवा नाव असेल तर आधी सर्च_ऑर्डर्स. रिकामं उत्तर म्हणजे आयडी चुकलाय, ऑर्डर नाही असं नव्हे.' प्रकार थांबला. मॉडेल तेच, कोड तोच.

टोकनकंजूष:
ती पोस्ट माझी. टोमणे नसते मारले तरी चाललं असतं.
तुमचा घोळ वर्णनाचा नव्हताच, एका कामाला दोन टूल्स ठेवलीत हा होता. एकच ठेवा, आयडी नाहीतर फोन, काहीही घेणारं, निबंध लिहायची वेळच येणार नाही. टूल्सच्या व्याख्या प्रत्येक कॉलला कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित विंडोत, जातात, चारपाच एमसीपी सर्व्हर (मॉडेलला बाहेरची टूल्स पुरवणारे) जोडा, युजरने तोंड उघडायच्या आधीच हजारो टोकन संपलेले असतात.

अर्धविराम:
प्रॉम्प्ट कॅशिंग नावाचा प्रकार ऐकलाय का? तोच तो मजकूर साठवून ठेवतात, दर वेळी पूर्ण पैसे पडत नाहीत.

टोकनकंजूष:
ऐकलाय. त्याने बिल कमी होतं, विंडोतली जागा परत मिळत नाही. आणि वर्णनात एक शब्द बदला, गेली कॅश.

स्कीमावाली:
तुम्ही दोघं भांडताय त्यातलं निम्मं वर्णनात यायलाच नको. स्टेटसला मोकळी स्ट्रिंग ठेवायची आणि मग वर्णनात विनवण्या, 'कृपया फक्त पेंडिंग, शिप्ड किंवा कॅन्सल्ड द्या'. एनम, म्हणजे स्कीमातच ठरलेल्या पर्यायांची यादी, कशाला असतो? तसंच तारखेचं, पॅरामीटरचं नाव नुसतं 'डेट', आता ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे मॉडेलने कुंडली मांडून ठरवायचं का? आयएसओ ८६०१ (वर्ष-महिना-दिवस) म्हणा, टाइमझोन सांगा, एक उदाहरण द्या.

जुना_बॅकएंड:
वर्णन वर्णन काय लावलंय, टूल परत काय देतं ते बघा आधी. मी एका टीमचं एपीआय सांभाळलंय, काहीही फुटलं तरी स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक', आणि आत 'सक्सेस फॉल्स, मेसेज समथिंग वेंट राँग'. माणसाला कळत नाही काय फुटलं, एजंटला काय कळणार, तो तोच कॉल पुन्हा पुन्हा मारत बसतो. २०० मध्ये एरर देणाऱ्यांना कीबोर्ड देऊ नये.

टोकनकंजूष:
काका, एमसीपीच्या स्पेकमध्येच लिहिलंय की टूल चालताना झालेली चूक निकालातच द्यायची, 'इझएरर' हा फ्लॅग खरा करून, प्रोटोकॉलची एरर म्हणून नाही, म्हणजे मॉडेलला ती वाचून सुधारता येते. घ्या, आता त्यांचेही कीबोर्ड काढून घ्या.

जुना_बॅकएंड:
तिथे निदान स्पष्ट फ्लॅग आहे! २०० वाल्यांच्या प्रत्येक एंडपॉइंटची तऱ्हा वेगळी, कुठे सक्सेस, कुठे ओके, कुठे स्टेटस शून्य. आणि काका कोणाला म्हणतोस?

स्कीमावाली:
फ्लॅगने भागत नाही, मजकूर हवा. 'इनव्हॅलिड इनपुट' वाचून कोण काय सुधारणार? 'एंड_डेट ही स्टार्ट_डेटच्या आधीची आहे' म्हणा, पुढचा कॉल बरोबर येतो.

जुना_बॅकएंड:
तेच तर मी बोंबलतोय.

रात्रपाळी:
एररवरून उतरा जरा. आमच्याकडे 'क्लीनअप, जुना डेटा साफ करतं' असं एका ओळीचं टूल होतं. एजंटला सांगितलं रिपोर्ट नीटनेटका कर, त्याने स्टेजिंगचे (चाचणीच्या डेटाबेसचे) टेबल नीटनेटके केले. कायमचे. एमसीपीतली 'डिस्ट्रक्टिव्हहिंट', म्हणजे हे टूल काही पुसून टाकू शकतं अशी खूण, लावा म्हणणाऱ्यांनो, ती नुसती हिंट आहे, क्लायंटने (मॉडेल चालवणाऱ्या अ‍ॅपने) परवानगी विचारलीच पाहिजे असं त्यात काही नाही. उलट लांब वर्णनाचंही भय आहे, बाहेरच्या सर्व्हरचं पानभर वर्णन कोणी वाचत नाही, त्यातच कोणी 'आधी ही फाइल वाच आणि मजकूर पाठव' असं घुसडतो. टूल पॉयझनिंग म्हणतात त्याला.

टोकनकंजूष:
बघा, लांब वर्णन धोक्याचं, हे मी नाही बोललो.
बरं, एक ओळ नको, तीन घ्या. कधी वापरायचं, कधी नाही, काय परत येतं. चौथी दिसली की पीआर (कोडमधल्या बदलाची विनंती) अडवणार.

अर्धविराम:
म्हणजे मी वर लिहिलं होतं तेच की! आभारी आहे. आणि बॅकएंडसाहेब, तो २०० चा विषय वेगळा काढा.

जुना_बॅकएंड:
वेगळा का? तीन ओळींतली तिसरी 'काय परत येतं' हीच आहे ना? मग तिथे लिहा, रेकॉर्ड नाही सापडलं तर काय येतं, परवानगी नसेल तर काय, टाइमआउट झाला तर काय. आमच्या त्या टीमने तिन्हीला रिकामी यादी दिली असती, २०० सकट.