प्रति: स्टोकसे किल्ला की घर?

वर विचारलंय की इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातलं स्टोकसे नक्की किल्ला की घर. माझ्या मते घरच, आपला ‘गढी’ हा शब्द त्याला चपखल बसतो. ती बांधणारा लॉरेन्स ऑफ लुडलो हा लोकरीचा बडा व्यापारी. 1291 मध्ये त्याने पहिल्या एडवर्ड राजाकडून तटबंदीची परवानगी मिळवली. पण दिवाणखान्याच्या उंच खिडक्या बघा, थेट बाहेरच्या बाजूलाही उघडतात! वेढ्याची खरी धास्ती असलेला माणूस असं बांधेल का?

दक्षिणेचा दगडी बुरूज मात्र भारदस्त आहे. मला जास्त आवडतो तो उत्तरेचा: खाली जाड दगडी भिंती आणि वर पुढे आलेला लाकडी मजला. तिथे चढणारा जिना दिवाणखान्यातच आहे, मूळ लाकडी. पायऱ्या म्हणजे झाडाच्या बुंध्यातून काढलेले ओबडधोबड ठोकळे. सातशे वर्षं माणसं त्यावरून चढताहेत, या विचारानेच अंगावर काटा येतो.

तटाची भिंत ठेंगणी दिसते, कारण राजा विरुद्ध संसद अशा इंग्लंडच्या यादवी युद्धात 1645 ला गढी संसदेच्या फौजेच्या हाती गेली आणि नंतर तट पाडला गेला. नशीब, बुरूज वाचले.