शिंप्याचं एक वाक्य आणि २२ वर्षं लांब बाह्या (अनुभव लिहा)

काल कपाट आवरताना लग्नातली येवल्याची पैठणी हाती लागली, सोबत तिचा ब्लाऊज. बाह्या पार कोपरापर्यंत. माप घेताना नाशिकच्या मेन रोडच्या शिंप्याने दंडाला टेप लावली आणि चार बायकांसमोर मोठ्यांदा म्हणाला, "दंड सोळा. ताई, तुम्हाला बाही लांबच बरी दिसेल." मी विचारलंच नव्हतं त्याला! तेव्हापासून माझी एक बाही कोपराच्या वर गेलेली नाही, मे महिन्यातसुद्धा. काल लेक ब्लाऊज हातात घेऊन म्हणते, "आई, तुला हाताला काही लागलं होतं का गं?" उत्तरच सुचलं नाही मला. असं एखादं वाक्य तुमच्याही अंगाला चिकटलंय का? लिहा ना.

गोदाकाठ: अगं माझापण सोळाच आहे. आधी सांग आत माया (शिलाईच्या आतलं जास्तीचं कापड) किती ठेवलीये? दीड इंच असेल तर मुंढा (खांद्याशी बाही जोडतात तो भाग) सैल करता येईल, मग बाही हवी तेवढी आखूड कर. आणि पैठणीची घडी बदलत जा दर दोनतीन महिन्यांनी, एकाच घडीवर जरीचे धागे चिरतात.

सिडकोकर: बायकांचंच असतं असं नाही. मला शाळेपासून काडी पैलवान म्हणायचे, त्यामुळे कॉलेज, नोकरी सगळीकडे उन्हाळ्यात पण फुल शर्ट आणि आत बनियनवर अजून एक टीशर्ट, जाड दिसायला. तीन वर्षांपूर्वी रंगपंचमीला मित्रांनी तिवंध्याच्या रहाडीवर नेलं, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर. शर्ट काढून आत धप्पा (उडी) मारला. बाहेर आलो तर सगळेच डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, कोण बारीक कोण जाडा कोणाला पडलेलं नव्हतं. घरी येऊन रडलो, खरं सांगतो. आता हाफ बाह्यांचे शर्ट घालतो.

पंचवटी_आजी: आमची आई निफाडला द्राक्षबागेत नऊवारीत काम करायची, कासोटा घट्ट, ओच्यात कात्री. पोटाच्या वळ्या दिसायच्या, कुणी काही म्हणायचं नाही. लुगड्याला कुठे साईज असते बाळांनो, अंगाला येईल तसं नेसायचं. आता शिवलेली नऊवारी मिळते, त्यात पण एल आणि एक्सेल आले.

धागादोरा: आजी 🙏 साईजचं तर विचारूच नका. मी एका ब्रँडमध्ये एल, दुसऱ्यात डबल एक्सेल, अंग तेच. आपल्याकडचे बरेच ब्रँड बाहेरच्या देशांचे साईज चार्ट थोडे बदलून वापरत आलेत. म्हणून तर निफ्टने (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) सहा शहरांत २५,००० हून जास्त लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेतली, भारतीय अंगाचा चार्ट करायला. ट्रायल रूममध्ये चेन अडकली की मी आता कपडा परत करते, जेवण सोडत नाही.

नवी_मेंबर: सगळं वाचलं, माझं नंतर लिहीन, कुकर लावलाय. सिडकोकर दादा, बरं वाटलं तुमचं वाचून. शालिमारला फॉल पिको एका दिवसात कोण करून देतं का?

गोदाकाठ: हो आहे एक, मेसेज करते.

(मूळ लेखिका): माया पावणेदोन इंच निघाली! लेकीने आत्ता ब्लेडने डावी बाही उसवलीये, उजवी मी उसवतेय. सिडकोकर, तुमचं वाचून दाखवलं तिला.

नवी_मेंबर: फोटो टाका ताई