चित्रकादंबऱ्या बालविभागातच ठेवाव्यात का?

प्रश्न (ग्रंथपाल, नाशिक): मी वाचनालयासाठी चित्रकादंबऱ्या, रॉक संगीतावरील पुस्तके आणि जुन्या विनोदी चित्रपटांवरील ग्रंथ हौसेने जमवले आहेत, परंतु ज्यात चित्रे आहेत ते सारे कार्यकारिणीच्या आग्रहामुळे बालविभागात गेले आहे. त्यांची मांडणी कशी करावी?

उत्तर १: पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत चित्रकथांना ७४१.५, रॉक संगीताला ७८१.६६ आणि चित्रपटांना ७९१.४३ हे क्रमांक आहेत. म्हणजे आपल्या तिन्ही आवडी ७०० च्या कलावर्गातच येतात आणि एकाच कपाटात शेजारी राहू शकतात. कार्यकारिणीसमोर हाच मुद्दा मांडावा. क्रमांकाशी सहसा कोणी वाद घालत नाही.

उत्तर २: आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकादंबरीला १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यात ज्यू उंदरांच्या आणि नात्सी मांजरांच्या रूपात दिसत असले, तरी विषय छळछावण्यांचा आहे, त्यामुळे केवळ मुखपृष्ठ पाहून ते पुस्तक सात वर्षांच्या मुलाच्या हाती देणे मला मुळीच पटत नाही. ते आजच बालविभागातून हलवावे.

उत्तर ३: विनोदाच्या बाबतीत एक सूचना आहे. बस्टर कीटनचा ‘द जनरल’ हा १९२६ चा मूकपट असल्याने ज्येष्ठ सभासदांना भाषेची फारशी अडचण येणार नाही. तो वाचनालयात दाखवावा आणि त्या दिवशी चि. वि. जोशी यांचे चिमणरावही टेबलावर मांडून ठेवावेत; ती पुस्तके हातोहात जातील.